गोदीच्या भिंतीपलीकडे

मुंबईचा पूर्व किनारा पाहावयाचा तर तो पायीच पाहावा. वाहनातून केवळ इमारती दिसतात. त्या उभारणाऱ्या हातांचा विचार मनात येतो तो पावले दमल्यावरच. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही सहकुटुंब अपोलो बंदरापासून बॅलार्ड इस्टेटपर्यंत चालत निघालो.

राजा पंचम जॉर्ज डिसेंबर 1911 मध्ये येथे उतरला, तेव्हा गेटवे ऑफ इंडियाची कमान उभीच नव्हती. जॉर्ज विटेटच्या आराखड्याप्रमाणे ती पुरी झाली 1924 साली. पिवळसर बेसाल्टची, 26 मीटर उंच. पुढे 28 फेब्रुवारी 1948 रोजी अखेरची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून मायदेशी निघाली. स्वागतासाठी बांधलेले दार निरोपाच्या कामी आले!

येथून उत्तरेकडे वळताच समुद्र दिसेनासा होतो. नौदलाच्या गोदीची उंच भिंत आड येते. या गोदीच्या उभारणीसाठी लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून आले. त्यांच्या घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेले, 1817 साली पाण्यात उतरलेले सागवानी 'ट्रिंकोमाली' जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. वाडियांचे नाव इतिहासात राहिले; सागवान तासणारे सुतार मात्र अनामिकच राहिले.

टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर क्षणभर विसावून आम्ही बॅलार्ड इस्टेटमध्ये शिरलो. एकसारख्या उंचीच्या रेखीव दगडी इमारती, सावलीचे शांत रस्ते. ही भूमी मुळात समुद्राची. शेजारची अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या मातीदगडांची भर घालून ती निर्माण झाली. येथील अनेक इमारतींचे आराखडेही विटेटचेच. माती उपसणारे मात्र मजूर होते.

याच किनाऱ्यावर, थोडे उत्तरेस, व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी 'फोर्ट स्टिकीन' या दारूगोळ्याने भरलेल्या बोटीचा स्फोट झाला. आग विझविताना अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले.

आपल्यापैकी कित्येक घरांतील वडीलधारे गोदीत राबले, बोटीवर गेले. त्यांच्या श्रमांची नोंद कमानींवर नाही. ती घरातल्या आठवणींतच आहे. वाचकहो, मुलांना गेटवे अवश्य दाखवा. मात्र तेथेच परत फिरू नका. त्या भिंतीच्या कडेनेही त्यांना चालवा आणि आजोबा पलीकडे काय काम करीत होते, ते सांगा.