काही नाही म्हणजे किती?

डिसेंबर १९८६ मधली ती पहाट मला अजून तपशीलवार आठवते. तारापूरच्या अणुवीज केंद्रात विकिरण-संरक्षणाच्या कामावर रुजू होऊन मला वर्षही झालं नव्हतं. आमच्या कामाला सगळे हेल्थ फिजिक्सच म्हणत. चेर्नोबिलचा अपघात एप्रिलमधला, त्यामुळे त्या वर्षी गावी गेलो की नातेवाईक पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारायचे. रात्रपाळीत माझ्याकडे चिमणीचे नमुने होते.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. त्या उकळत्या पाण्याच्या. अणुभट्टीत तयार झालेली वाफच थेट टर्बाइनवर जाते. इंधनाच्या नळ्यांपैकी एखादीला केसाएवढी चीर असली, तरी आतले झेनॉन आणि क्रिप्टॉन हे वायू वाफेबरोबर निघतात आणि कंडेन्सरपर्यंत पोचतात. तिथून ते ओढून काढायचे, काही काळ अडवून ठेवायचे आणि मग उंच चिमणीतून सोडायचे, अशी रचना असते. अडवून ठेवण्याला अर्थ आहे. झेनॉन-१३८ चं अर्धायुष्य चौदा मिनिटांचं, म्हणजे दोन तास अडवला तर त्याचा शंभरातला एक भागही उरत नाही. झेनॉन-१३३ चं मात्र सव्वापाच दिवस आणि क्रिप्टॉन-८५ चं पावणेअकरा वर्षं. हे वायू कशाशीही संयोग पावत नाहीत, त्यामुळे कुठल्याही साध्या गाळणीत अडकत नाहीत. म्हणूनच ते मोजावे लागतात.

मोजण्यासाठी चिमणीतल्या प्रवाहातून थोडी हवा सतत खेचली जाते. चिमणीत हवा ज्या वेगानं वर चढते, त्याच वेगानं ती नमुन्याच्या नळीत शिरायला हवी. वेग चुकला तर कण कमी-जास्त पकडले जातात आणि नोंद खोटी ठरते. ही हवा आधी फिल्टर पेपरमधून जाते, तिथे कण अडकतात. मग कोळशाच्या डबीतून, तिथे आयोडीन अडकतं. हा कोळसा नारळाच्या करवंटीचा, रसायन लावून तयार केलेला. उरतात ते निष्क्रिय वायू, ते शेवटच्या कक्षात मोजले जातात.

त्या पहाटे पाचच्या सुमारास मी फिल्टर पेपर बदलला आणि जुना लगेच काउंटरखाली ठेवला. आकडा नेहमीच्या चौपट आला. कागद उलटून पाहिला, यंत्र तपासलं, पुन्हा मोजला. तेवढाच. घशाला कोरड पडली. मी आमच्या वरिष्ठांना घरी फोन लावला.

त्यांनी पहिलं विचारलं, "शिफ्ट इन्चार्जला कळवलंस?"

"नाही सर, आधी तुम्हाला..."

"आधी त्यांना कळव. कळवायला उशीर नको आणि निष्कर्षाला घाई नको. मग मला सांग, कागद काढून किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं."

"वायूचा मॉनिटर?"

"स्थिर आहे."

"वारा कुठून आहे?"

मी वाऱ्याच्या नोंदीचा कागद पाहिला. वारा जमिनीकडून समुद्राकडे होता आणि जवळजवळ थांबलेलाच. थंडीतला मतलई वारा.

"मग गेटजवळच्या सॅम्पलरचा कागद आण, तोही मोज. दोन्ही दर अर्ध्या तासानं मोजत राहा, आलेखावर मांड. मी निघतोच आहे."

मी तसं केलं. गेटजवळचा कागद चिमणीच्या कागदाइतकाच तापलेला होता. त्या बाजूला चिमणीची हवा त्या रात्री गेलीच नव्हती. अर्ध्या तासानं दोन्ही आकडे जवळजवळ निम्म्यावर आले. आणखी अर्ध्या तासानं पुन्हा निम्मे. सर येऊन माझ्या मागे उभे राहिले तेव्हा आलेखावर उतरती रेघ स्पष्ट दिसत होती.

"हा रेडॉन," ते म्हणाले. "जमिनीतून निघतो. सगळीकडे असतो."

मातीतल्या आणि खडकातल्या युरेनियमपासून रेडॉन हा वायू सतत तयार होत असतो. दिवसा ऊन तापलं की हवा वर-खाली घुसळते आणि रेडॉन पातळ होतो. दुपारी खारे वारे समुद्रावरून येतात, त्यात तर रेडॉन फारच थोडा. पण थंडीतल्या शांत रात्री जमिनीलगतची हवा थिजल्यासारखी होते, वरच्या उबदार थराखाली कोंडते. रेडॉन तिच्यातच साचतो. मतलई वारा ती हवा किनाऱ्यावर आणतो. केंद्राचे पंखे हीच हवा आत घेतात आणि चिमणीतून बाहेर टाकतात. रेडॉनचे अपत्यकण धुळीवर बसून फिल्टर पेपरवर अडकतात आणि साधारण अर्ध्या तासाला निम्मे होत जातात. शेवटी जे थोडं उरतं ते थोरॉन या रेडॉनच्याच भावंडाच्या अपत्यकणांचं, ते निम्मं व्हायला साडेदहा तास लागतात. म्हणून तो कागद दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला, गॅमा वर्णपटही घेतला. सीझियम नाही, आयोडीन नाही. मग लॉगबुकात निष्कर्ष लिहिला.

सरांनी त्या दिवशी मला दोन घटना सांगितल्या. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लिमरिक इथल्या अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॅट्रस नावाच्या अभियंत्यामुळे विकिरणाचा भोंगा वाजू लागला. केंद्र अजून चालूही झालेलं नव्हतं. शोध घेतला तेव्हा किरणोत्सार त्याच्या घरातून येत होता, जमिनीखालून शिरलेल्या रेडॉनमधून. दुसरी घटना त्याच राज्यातली, थ्री माइल आयलंडची, मार्च १९७९ ची. तिथे खरोखर अपघात झाला होता आणि बाहेर पडलेल्यात मुख्यतः झेनॉनसारखे वायूच होते. तिसऱ्या दिवशी चिमणीच्या थेट वर हेलिकॉप्टरमधून घेतलेला ताशी १२०० मिलीरेमचा आकडा वरच्या कार्यालयात पोचला, पण तो कुठे मोजला हे नीट पोचलं नाही. तो केंद्राबाहेरच्या वस्तीचा समजला गेला. पाच मैलांतल्या गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना निघून जाण्याचा सल्ला दिला गेला आणि लाखाहून अधिक लोकांनी घरं सोडली. आकडा खरा होता. त्याची जागा हरवली होती.

पुढे काही वर्षं माझ्याकडे आसपासच्या गावांतून नमुने आणण्याचं काम आलं. दूध, मासे, भाजी, माती. दूध महत्त्वाचं, कारण आयोडीन-१३१ गवतावर बसलं तर ते जनावरातून दुधात आणि दुधातून मुलाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत पोचतं. घिवलीच्या वाटेवर एका घरून मी म्हशीचं दूध नेत असे. एकदा त्या मावशींनी विचारलं, "भाऊ, इतकं दूध नेता, त्यात सापडतं काय?"

"काही नाही, मावशी."

त्यांनी बाटली हातातच धरून ठेवली. "काही नाही म्हणजे किती?"

मी त्या दिवशी पायरीवर बसलो. सांगितलं, की जगातल्या सगळ्याच दुधात निसर्गाचं पोटॅशियम असतं आणि त्यामुळे लिटरमागे पन्नासेक बेकरेल किरणोत्सार असतोच, तो याही दुधात आहे. केंद्राचं म्हणून जे आयोडीन आम्ही शोधतो, ते आमच्या यंत्राला दिसू शकेल त्याहून कमी आहे. यंत्राला किती दिसू शकतं, तोही आकडा सांगितला. माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलीसीव्हर्ट मात्रा मिळते आणि अणुकेंद्रामुळे लोकांना त्यावर १ मिलीसीव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये, असा नियम आहे, हेही. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "असं सांगायचं ना मग," म्हणाल्या आणि बाटली दिली. त्यानंतर 'काही नाही' हे शब्द मी नोंदीतही लिहिले नाहीत आणि तोंडानंही कुणाला सांगितले नाहीत.

आता निवृत्त होऊनही बराच काळ झाला. किरणोत्साराची बातमी आली की शेजारी मला विचारतात, आकडा मोठा आहे का? मी म्हणतो, आधी चार गोष्टी विचारा. कशाचा आकडा, कुठे मोजला, केव्हा मोजला आणि त्या जागी एरवी किती असतो? हे विचारण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. मावशींकडे ती नव्हती. जो अधिकारी या चारही प्रश्नांची उत्तरं देतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. जो नुसतंच 'काही नाही' म्हणतो, त्याला पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि मोजणाऱ्याचं काम त्यानंच नीट होतं.