परवाना आणि वाटा

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या लष्कर भागातील शर्यतीच्या मैदानावर घोडे धावू लागतात, आणि ज्या कृत्याबद्दल शहरातील एखाद्या बोळातून पोलीस माणसाला चौकीवर नेतात तेच कृत्य त्या मैदानाच्या कुंपणाआत राजरोस, तिकीट घेऊन व कर भरून चालते. हा भेद कोणा अंमलदाराच्या लहरीचा नव्हे. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातील जुगाराच्या व्याख्येतूनच घोड्यांवरील पैज वगळलेली आहे. मात्र ती शर्यतीच्याच दिवशी, आणि 1912 च्या शर्यत-मैदान परवाना कायद्यान्वये राखून ठेवलेल्या आवारातच लागली पाहिजे, अशी अट आहे. अश्वशर्यत हा कौशल्याचा खेळ होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिला. तो शिरोधार्य मानूनही मला असे वाटते की, या व्यवस्थेतील खरे शहाणपण त्या कुंपणात आणि त्या ठरावीक दिवसांत आहे.

हे शहाणपण आपल्याकडे फार जुने आहे. मनूने राजाला द्यूत राज्यातून समूळ घालवण्यास सांगितले. कौटिल्याने मात्र द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच जागी बांधून टाकला, अन्यत्र खेळणाऱ्यास 12 पणांचा दंड ठेवला, आणि गुप्तपणे उपजीविका करणाऱ्यांचा ठावठिकाणा लागावा हा हेतूही स्पष्ट सांगितला. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणणाऱ्या समाजात माणसाचा हा मोह निव्वळ हुकुमाने नाहीसा होणार नाही, हे त्या व्यवहारचतुर आचार्याने ओळखले होते. परंतु त्याच प्रकरणात जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा 5 राजासाठी घेण्याचीही तरतूद आहे, आणि माझी शंका तेथून सुरू होते.

केवळ बंदीने काय साधते, ते माझ्या पिढीने मटक्याच्या रूपाने पाहिले. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर लागणारा हा आकडा, ते भाव येईनासे झाल्यावर, 1962 च्या सुमारास मुंबईत कल्याणजी भगत आणि त्यामागोमाग रतन खत्री यांनी चिठ्ठ्यापत्त्यांवर आणला, आणि 1887 चा कायदा पूर्ण अमलात असताना तो पेठापेठांतून पसरला. आमच्या सदाशिव पेठेतील वाड्यात एका छापखान्यातले जुळारी राहत असत. कोपऱ्यावरचा टपरीवाला सिगारेटच्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने त्यांचा आकडा आणि रक्कम टिपून घेई. ओपनचा की क्लोजचा, एवढाच काय तो प्रश्न. पगाराच्या दिवशी त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही मुले काकू म्हणत असू, धाकट्याला कडेवर घेऊन छापखान्याच्या दाराशी उभ्या राहत, कारण ते दार आणि ती टपरी यांमधील चार पावलांत महिन्याचे धान्य जाई. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची टाकलेली पत्नी शोक करते. कायदा करणाऱ्यांनी प्रथम तिची बाजू ऐकावी. खेळणाऱ्याला निदान आशेचा उपभोग मिळतो, तिला तोही नाही.

बंदी फसते, म्हणून परवानगी द्यावी, हा युक्तिवाद एवढ्यावर पुरा होत नाही. मटक्यासारख्या बेकायदा जुगारापासून जनतेला परावृत्त करावे, या उद्देशाने महाराष्ट्र शासनाने 12 एप्रिल 1969 पासून स्वतःची लॉटरी सुरू केली. परंतु पुढील दशकात मटका ओसरला तर नाहीच, उलट वाढला, आणि दिवाळी व गुढीपाडवा या सणांना सरकारी भव्यतम सोडती जोडल्या गेल्या. राज्याने 1976 साली कॅसिनोंसाठीही कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही, आणि 2023 साली रद्द केला. हे मला योग्य वाटते. गोव्यात 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना परवानगी मिळाली आणि पुढे मांडवीत कॅसिनोंची जहाजे उभी राहिली. ती हलवण्याची भाषा एकामागून एक सरकारांनी केली, पण महसुलाची सवय लागलेला हात सहजासहजी मागे येत नाही.

आता तर कुंपणच उरले नाही. भ्रमणध्वनीवरच्या खेळाला दिवस नाही, आवार नाही, दाराशी उभे राहावे असे दारही नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून केंद्राने या खेळांतील रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर घेतला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळच निषिद्ध ठरवले, मग ते दैवाचे असोत वा कौशल्याचे. दोन वर्षे वाटा घेऊन मग बंदी, हा क्रम शोभादायक नाही. तरी बंदीला मी अनुकूल आहे. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालीच मुंबई राज्याच्या दाव्यात सांगितले होते, तेव्हा स्वातंत्र्याचा मुद्दा येथे मला अडत नाही.

ज्याला जागा व वेळ यांची सीमा घालता येते, तेवढ्याच जुगाराला परवाना असावा, जाहिरात नसावी, उधारीवर पैज लावता येऊ नये, आणि त्यातून येणारा पैसा राज्याच्या सामान्य खर्चात न मिसळता त्या काकूंसारख्यांच्या कर्जनिवारणासाठी वेगळा ठेवावा, म्हणजे कोणत्याही अर्थमंत्र्याला पुढच्या अंदाजपत्रकासाठी लोकांच्या हरण्याची वाट पाहावी लागणार नाही. सणासुदीच्या सोडती तर शासनाने याच वर्षी थांबवाव्यात. त्यामुळे तिजोरीत पडणारी तूट आम्ही करदात्यांनी भरून द्यावी, आणि मी माझ्यापुरता त्यास तयार आहे.