रिकामे घर

आजोबा नातवाच्या संगणकावर चित्रकोडे सोडवीत होते. पंधरा तुकडे सरकवावयाचे. सोळावे घर रिकामे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैडा लोकांचा कोरीव स्तंभ जुळू लागला : गरुड, कावळा, अस्वल.

“हे त्यांचे देव का?” नातवाने विचारले.

“नव्हे रे, ही कुळाची ओळख. त्यांच्या शेजारच्या निस्गा लोकांचा १९२९ साली नेलेला स्तंभ २०२३ मध्ये स्कॉटलंडहून स्वगृही परतला.”

“आणि आपले कूळ?”

आजोबा स्तब्ध झाले. पणजोबा गिरमिटावर मॉरिशसला आले, एवढेच त्यांना ठाऊक होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदी आहेत. परंतु नाव न सापडण्याच्या भयाने ते कधी गेले नव्हते.

चित्र जुळले, कोपऱ्यातील घर रिकामेच राहिले.

“बाळ, उद्या मोका येथे जाऊ,” ते म्हणाले.