आहे तो उजेड

पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. जालन्यास मस्तगडांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गाण्याची बैठक होती. मीं नुकताच कॅमेरा घेतला होता. आणि नव्या कॅमेऱ्याच्या धन्यास कोठें थांबावें हें सहसा कळत नाहीं. मंद दिव्यांत वृद्ध बुवा डोळे मिटून विलंबितांत रंगले होते. मीं फ्लॅश उडविला! बुवांनीं दचकून डोळे उघडले; लागलेला षड्ज तेथेंच तुटला. ते कांहीं बोलले नाहींत. पण बैठक पुन्हां तशी जमली नाहीं. आणि चित्रांत आलें तें काय? पांढराफटक चेहरा व मागें भिंतीवर काळी सावली.

त्या दिवसापासून फ्लॅश पेटींतच आहे. आहे त्या उजेडांत भागविण्याचा हिशेब मात्र संसारासारखाच निघाला. भिंगाचें छिद्र एफ १.८ इतकें मोठें करावें, तर प्रकाश भरपूर येतो. पण जवळून डोळे स्पष्ट धरले कीं मागचा तंबोरा पुसट होतो. शटर १/६० सेकंद ठेवावें, तर तानेबरोबर फिरणारा हात धुरकटतो; १/२५० करावें, तर प्रकाश चौथाईवर येतो. आयएसओ ३२०० च्या पुढें न्यावा, तर चित्रावर रवा उमटूं लागतो. शिवाय मागचा काळोख पाहून कॅमेरा फसतो व चेहरा जास्तच उजळतो. म्हणून प्रकाश चेहऱ्यापुरताच मोजावा लागतो.

या अडचणींतून सुटण्याची वाट मला अखेर गाण्यांतच सांपडली. तानेंत हात थांबत नाहीं. पण सम आली कीं हात, मान, नजर, सारें क्षणभर स्थिर होतें. तो क्षण ज्याला आधीं ऐकूं येतो, त्याला १/६० सुद्धां पुरतो. सतीश पाकणीकरांनीं काढलेलीं गायक-वादकांचीं चित्रें पाहतांना, किंवा १९५३ पासून पुण्यास भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवांतलीं जुनीं चित्रें पाहतांना, मला हेंच जाणवतें. फिल्मच्या काळीं रिळांत छत्तीसच चित्रें. ४०० ची फिल्म धुतांना ताणून १६०० पर्यंत न्यावयाची. तेथें डोळ्याइतकीच कानावरही भिस्त!

गेल्या वर्षीं त्याच घरीं पुन्हां बैठक झाली. समेची वाट पाहत मीं एकच चित्र घेतलें. चांगलें आलें. पण गाणारे दुसरे होते. ते वृद्ध बुवा आतां नाहींत. त्यांचें माझ्यापाशीं असलेलें एकुलतें एक चित्र तेंच, पांढऱ्याफटक चेहऱ्याचें. तें मीं अजून टाकलेलें नाहीं.