उंबरठ्यावरचा पाहुणा

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, सानपाडा आणि नेरूळ यांच्या मध्ये जुईनगर हे रेल्वेस्थानक आहे. सायंकाळी मुंबईहून येणारी लोकल येथे थांबली, की फलाट माणसांनी फुलून जातो आणि थोड्याच वेळात ती सारी माणसे आजूबाजूच्या इमारतींत दिसेनाशी होतात. यांपैकी एखाद्या इमारतीचा जिना चढून जावे. एका दारावर कोकणातील आडनाव दिसते, दुसऱ्यावर केरळातील, तिसऱ्यावर पंजाबातील अथवा बिहारमधील. एका घरातून सांबाराचा वास येतो, तर शेजारच्या घरातून सुक्या बोंबलांचा. मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, या हेतूने 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली. 1992 मध्ये रेल्वेगाडी खाडीवरील पूल ओलांडून वाशीला आली आणि वस्ती झपाट्याने वाढू लागली. या इमारतींतील बहुतेक कुटुंबे कोठून ना कोठून येथे आलेली आहेत. कोणे एके काळी ती सारीच येथे पाहुणी होती.

इतकी निरनिराळी माणसे एका छपराखाली राहू लागली, म्हणजे त्यांच्यात स्नेह आपोआपच उत्पन्न होईल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु अनुभव तसा नाही. एकाच जिन्याने वर्षानुवर्षे चढ-उतार करणाऱ्या दोन माणसांना पुष्कळदा एकमेकांचे पूर्ण नावही ठाऊक नसते. जवळ राहणे निराळे आणि जवळचे होणे निराळे. ही साधी गोष्ट डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांना मात्र एका फसलेल्या प्रयोगातून शिकावी लागली.

1932 च्या उन्हाळ्यात वॉट काही अमेरिकन मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला गेले. तेथे त्यांनी युरोपातील मुलांबरोबर एकाच छावणीत राहावे, एकत्र खेळावे आणि परस्परांचे मित्र व्हावे, अशी त्यांची योजना होती. पहिले महायुद्ध संपून तेव्हा अवघी चौदा वर्षे झाली होती, आणि ज्या देशांचे सैनिक एकमेकांवर तुटून पडले होते, त्या देशांच्या मुलांनी तरी एकत्र यावे, अशी त्यांना तळमळ होती. योजना चांगली होती. पण मुले एकत्र येईनात. एका भाषेची मुले एकीकडे बसत, दुसऱ्या भाषेची दुसरीकडे. छावणी एक होती; तिच्यातील राष्ट्रे मात्र निराळीच राहिली.

वॉट यांनी या अपयशाचा नीट विचार केला. छावणी ही कोणाचीच नसते. तेथे सारेच परके असतात आणि परका माणूस स्वाभाविकपणे आपल्यासारख्यांचाच आधार शोधतो. घराचे तसे नाही. घरात एकच परका असतो आणि त्याला सामावून घेणारी चार माणसे असतात. म्हणून पुढे त्यांनी आपल्या मुलांना परदेशातील कुटुंबांमध्ये एकेकटे राहावयास पाठविले. पाहुणा म्हणून मिरवण्यासाठी ती तेथे जात नसत. त्या घरातील एक मूल म्हणून त्यांना राहावयाचे असे. जेवण्याच्या मेजावर भाकरीचा तुकडा मागताना नवा शब्द शिकावा लागे. भांडी विसळताना दुसरा. या वेळी मात्र मैत्री झाली. ‘आंतरराष्ट्रीय सहजीवनाचा प्रयोग’ या अर्थाच्या नावाने ही चळवळ पुढे अनेक देशांत पोहोचली.

पुढे दुसरे महायुद्ध झाले. ते संपल्यावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोरिस ॲलन यांच्या मनात असा विचार आला, की शांततेची सुरुवात लहान मुलांपासून करावी. 1951 मध्ये सिनसिनाटी या शहरी त्यांनी निरनिराळ्या देशांतील मुलांचे पहिले ‘गाव’ भरविले. त्या गावासाठी त्यांनी मुद्दाम अकरा वर्षांची मुले निवडली. अकराव्या वर्षी मुलाला आपले घर, आपली भाषा आणि आपल्या चालीरीती यांची जाण आलेली असते, त्यामुळे तो दुसऱ्याला काही सांगू शकतो. परंतु ‘अमक्या देशाची माणसे अशीच’ हा ग्रह अद्याप त्याच्या मनात घट्ट बसलेला नसतो. पुढे तो बसू लागतो. हा विचार बाईंनी केला आणि राष्ट्राराष्ट्रांच्या स्नेहाचे काम या वयाच्या हाती सोपविले. या पुस्तकाचे वाचकही साधारण त्याच वयाचे असतील.

अशा प्रयत्नांतूनच जगात ठिकठिकाणी मैत्रीमंडळे निघाली. 1977 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फ्रेंडशिप फोर्स’ या संस्थेची मंडळे अनेक देशांत आहेत. या मंडळांचे काम थाटामाटाचे नसते. एका गावच्या मंडळाचे सभासद दुसऱ्या देशातील गावी जातात आणि काही दिवस तेथील सभासदांच्या घरी राहतात; केव्हा तरी यजमानही पाहुणे होतात. पाहुण्यासाठी एक खाट रिकामी करावी, आपल्या ताटातील चार घास त्याला द्यावेत आणि आपल्या गावातून त्याला हिंडवून आणावे, एवढेच यजमानाचे कर्तव्य असते. ते दिसते तितके सोपे मात्र नाही.

जुईनगरमधील एखाद्या घरी असा पाहुणा यावयाचा ठरला, म्हणजे काय काय होते, ते सहज डोळ्यांपुढे आणता येईल. आठ दिवस आधीपासून घराची झाडलोट सुरू होते. ठेवणीतल्या चादरी बाहेर निघतात. पाहुण्याला तिखट चालेल काय, तो पंख्याखाली झोपू शकेल काय, या प्रश्नांनी आई चिंतेत पडते. मुले इंग्रजी वाक्ये पाठ करू लागतात. पाहुणा आल्यावर पहिला दिवस अवघडलेपणात जातो. तो पोह्यांची बशी हाती घेतो आणि काटा शोधतो. घरातील सारे त्याच्याकडे पाहत असतात आणि तो साऱ्यांकडे पाहत असतो. दुसऱ्या दिवशी मात्र आजी त्याला स्वयंपाकघरात बोलावते. दोघांना समाईक अशी एकही भाषा नसते. आजी तांदळाच्या उकडीचा गोळा त्याच्या हातात देते आणि पारीला चुण्या कशा घालाव्यात, ते बोटांनी दाखविते. त्याचा पहिला मोदक फुटतो, दुसराही फुटतो. तिसरा कसाबसा उभा राहतो, तेव्हा दोघेही हसतात. त्या हसण्याला दुभाषी लागत नाही.

येथे यजमानाला एका मोहापासून सावध राहावे लागते. पाहुण्याला आपल्या देशाचे केवळ लखलखीत रूप दाखवावे, असे प्रत्येकास वाटते. मग उंच इमारती, मोठी दुकाने आणि प्रेक्षणीय स्थळे यांचीच यादी तयार होते. परंतु सजविलेली बैठक पाहून कोणी कोणाचा मित्र होत नाही. जो आपले स्वयंपाकघर दाखवितो, आपली अडचण सांगतो आणि आपली चूकही लपवीत नाही, त्याच्याशीच मैत्री जुळते. पाहुण्यालाही हाच नियम लागू आहे. जो केवळ पाहण्यासाठी येतो, तो प्रवासी. जो घरच्या कामाला हात लावतो, तो आप्त.

परक्या देशात असा आप्त होऊन राहिलेला एक मराठी माणूस सोलापूरचा होता. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 1910 मध्ये सोलापूर येथे झाला. मुंबईत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला साहाय्य करण्यासाठी राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. सुभाषचंद्र बोस त्या वेळी राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते. भारत तेव्हा स्वतः परतंत्र होता. तरीही येथील लोकांनी त्या पथकासाठी वर्गणी गोळा केली. पथकात डॉ. कोटणीस होते. चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची वार्ता त्यांना समजली. तथापि हाती घेतलेले काम टाकून ते परतले नाहीत. रणांगणालगतच्या डोंगराळ प्रदेशात, अपुऱ्या साधनांनी, ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले. ते चिनी भाषा शिकले आणि तेथील विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते 1941 मध्ये प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचर्या शिकविणाऱ्या कुओ छिंगलान या चिनी युवतीशी त्यांनी विवाह केला. 1942 मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिन्हुआ ठेवण्यात आले. यिन् म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन देश एका बालकाच्या नावात शेजारी शेजारी बसले.

हे सुख फार दिवस टिकले नाही. अतिश्रमाने डॉक्टरांची प्रकृती ढासळली होती. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते कालवश झाले. तेव्हा यिन्हुआ चार महिन्यांचाही नव्हता.

पुढे 1962 मध्ये भारत आणि चीन यांच्यामध्ये युद्ध झाले. स्नेहाच्या घोषणा विरून गेल्या आणि सीमेवर दोन्ही बाजूंचे जवान पडले. राष्ट्रांच्या मैत्रीचे हे असे असते. राज्यकर्त्यांचे मन फिरले, की ती क्षणात तुटते. परंतु शीच्याच्वांग या चिनी शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉ. कोटणीस यांची समाधी आहे, आणि युद्धानंतरही तिचा मान राहिला. 1976 मध्ये त्याच शहरी त्यांचे स्मारकदालन उघडण्यात आले. सोलापूरच्या त्यांच्या घराचेही आता स्मारक झाले आहे. ज्यांच्या जखमा त्यांनी बांधल्या, त्यांना डॉक्टर कोणत्या देशाचे होते हे ठाऊक होते. पण ते परके होते, असे त्यांना वाटणे शक्यच नव्हते. करार कागदावर लिहिले जातात आणि कागद फाडताही येतो. माणसाने माणसासाठी केलेले काम फाडता येत नाही.

प्रत्येकाला डॉक्टर कोटणीसांप्रमाणे सर्वस्व द्यावे लागत नाही. जुईनगरच्या यजमानाकडून तर पाहुणा फारच थोडे मागतो. पुष्कळदा तो केवळ प्रश्न विचारतो. खिडकीतून बाहेर पाहत तो म्हणतो, “या इमारती उभ्या राहण्यापूर्वी येथे काय होते?” आणि यजमान गप्प होतो. इतकी वर्षे येथे राहून त्याला तो प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

उत्तर काही पावलांवरच असते. शिरवणे, नेरूळ, सानपाडा ही नुसती स्थानकांची आणि विभागांची नावे नाहीत. ती जुनी गावे आहेत. या किनाऱ्यावर आगरी आणि कोळी लोक पिढ्यान् पिढ्या भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत आले. नव्या शहरासाठी त्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. योग्य मोबदल्यासाठी त्यांना झगडावे लागले. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांना या भूमीने जागा दिली, ती अशी कोणाच्या तरी शेतातून दिली. खरे यजमान तेच होते. परंतु पाहुण्यांनी त्यांचे नावही विचारले नव्हते.

परदेशी पाहुण्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी म्हणून का होईना, घरातील मुले एके दिवशी त्याला बरोबर घेऊन जुन्या गावात जातात. गल्ली अरुंद असते. एखाद्या ओटीवर जाळे दुरुस्त करीत म्हातारा बसलेला असतो. मुलांपैकी कोणी भीतभीत विचारते, “आजोबा, इथे पूर्वी शेती होती का?” म्हातारा मान वर करतो. आधी तो परदेशी माणसाकडे पाहतो, मग त्या मुलांकडे पाहतो. ज्या इमारतींतून ती आली, त्या त्याच्या अगदी डोळ्यांसमोर उभ्या आहेत, पण त्यांतून कोणी हे विचारावयास यापूर्वी आलेले नसते. तो ओटीवरचे जाळे बाजूला सारतो, हाताने जागा झाडतो आणि म्हणतो, “बसा.”

आणि मग दूर देशाचा तो एक पाहुणा व शेजारच्या इमारतीतील ती मुले, असे सारेच पाहुणे त्या ओटीवर टेकतात.