बी.एड. झालो, आता पुढे?

खापरला आम्ही डी.एड., बी.एड. झालेली पोरं भेटलो की एकच प्रश्न, भरती कधी? 2012 ला शिक्षकभरतीवर बंदी आली, 2013 पासून टीईटी. वय मात्र थांबलं नाही. एका संस्थेने तर आमच्यातल्या एकाला लाखांत आकडा सांगितला.

वर सल्ला मिळतो, विमा विका! (शिकवणं म्हणजे विकणंच वाटतं यांना.)

शिष्यवृत्तीचे अर्ज, 2006 च्या वनहक्क कायद्याचे दावे, ग्रामसभेचे ठराव समजावून देणारा माणूस अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हवाय. पण मानधनावर, फुकट समाजसेवा म्हणून नाही. बाबासाहेबांनीही सिडनहॅममध्ये प्राध्यापक असतानाच 1920 मध्ये ‘मूकनायक’ काढला होता.

आणि राखीव जागा? रिक्त पदांची माहिती आम्ही माहिती अधिकारात मागतोय. अर्जावर सही करायला या.