नऊ वाजून दहा मिनिटं

माझ्या लेकीच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर एक चिठ्ठी आहे. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्या कोऱ्या बाजूला निळ्या बॉलपेननं लिहिलंय : ‘डेक्सा ६ मिग्रॅ, रात्री ९.१०. पुढचा सकाळी ९.१०.’ खाली सही नाही. फाइलमधले बाकीचे कागद कितीदा वरखाली झाले, ही चिठ्ठी मात्र मी पहिल्या पानावरून हलू दिली नाही.

जुलै २००८. गडहिंग्लजच्या बाजूला आमचं गाव. पाऊस धरून बसला होता. मला तिसावा आठवडा चालू होता. संध्याकाळी भाकरी थापताना पाणमोट फुटली. सासूबाईंनी तव्यावरची भाकरी तशीच सोडली आणि शेजारच्यांची जीप काढायला लावली. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, “कोल्हापूरला न्यायला हवं. एवढ्या लहान बाळाची सोय इथं नाही. पोटातलं बाळ पोटातच गेलेलं बरं.” मग सिस्टरांकडे वळून म्हणाले, “पहिला डोस इथंच द्या.”

सिस्टर पन्नाशीच्या असतील. त्यांनी छोटीशी कुपी उजेडाकडे धरून औषध ओढून घेतलं. मी रडत विचारलं, “हे कळा थांबवायचं आहे का?”

“न्हाई बाई. ह्ये बाळाच्या छातीसाठी हाय. लेकरू लवकर आलंच, तर रडायला बळ मिळंल त्याला.”

सुई काढल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, टेबलावरचा पुठ्ठा फाडला, वेळ लिहिली आणि चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबली. “तिथं गेल्यावर पयली ही दावायची. मग दुसरं काय त्ये.”

कोल्हापूरला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झालेला मी पाहिला. बारा-बारा तासांच्या अंतरानं उरलेले तीन डोस तिथं मिळाले. चौथ्या डोसानंतर चार तासांनी लेक जन्मली. वजन १२८० ग्रॅम. आणि ती रडली. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज, पण रडली.

पेटीत ठेवलेल्या त्या जिवाकडे मी दिवसचे दिवस बघत बसायचे. श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची. शेजारच्या पेटीतलं बाळ तिच्याएवढंच होतं. त्याची आई लांबून, थेट कळा चालू असतानाच पोचली होती. तिला एकही डोस मिळाला नव्हता. ते बाळ प्रत्येक श्वासाला कण्हायचं. तो आवाज चौथ्या दिवशी थांबला. त्याची आई आणि मी एकाच बाकावर बसून वाटीत दूध काढायचो. त्या दिवशी तिनं तिची वाटी धुऊन पालथी घातली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. आजही दूध तापवताना ती पालथी वाटी मला दिसते.

पुढे नळीनं दूध, मग सासूबाईंनी घरून आणलेल्या चांदीच्या बोंडल्यानं.  पदर घट्ट बांधून लेकीला छातीशी उघड्या अंगानं धरून बसायला तिथल्या सिस्टरांनी शिकवलं. सव्वा महिन्यानं आम्ही घरी आलो.

लेक चार महिन्यांची झाल्यावर मी पेढे आणि साडी घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात गेले. सिस्टरांनी लेकीला घेतलं आणि आधी तिच्या छातीला कान लावला. पेढा घेतला, साडी परत दिली. “ह्यातनं पोरीला परकर-पोलकं शिवा. मी काय केलं? डॉक्टरांनी सांगितलं, मी टोचलं. ज्यांनी ह्ये शोधून काढलं त्यांचं देणं लागता तुम्ही.”

मी शाळेत विज्ञान शिकवते. सिस्टरांचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. कोल्हापूरच्या बालरोगतज्ज्ञांना मी तपासणीच्या वेळी विचारलं आणि त्यांनी मला मेंढीच्या एका कोकराची गोष्ट सांगितली. नंतर जे मिळेल ते मी वाचत गेले.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहॅम लिगिन्स नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. बाळंतपणाच्या कळा नेमक्या कशानं सुरू होतात, हे ते मेंढ्यांवर शोधत होते. मेंढीचे दिवस साधारण १४७ला भरतात. गर्भात असताना स्टेरॉइड (माझ्या चिठ्ठीतलं ‘डेक्सा’ही स्टेरॉइडच) दिलेलं एक कोकरू ११७व्या दिवशीच जन्मलं. ते जगायलाच नको होतं. पण सकाळी येऊन बघतात तो कोकरू श्वास घेतंय. फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून साबणासारखा एक थर लागतो. तो नसला की श्वास सोडताना फुगे चिकटतात आणि प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड होतो. दिवस भरत आले की हा थर तयार होतो. स्टेरॉइडनं ते काम आधीच उरकलं होतं.

लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी मग आयांवर अभ्यास केला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. २८२ आया. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण असर नसल्यात जमा असलेलं इंजेक्शन. तो थर नसल्यानं होणारा श्वासाचा आजार खरं औषध मिळालेल्या गटात दर शंभर बाळांमागे नऊ जणांना झाला, दुसऱ्या गटात जवळजवळ सव्वीस जणांना. पहिल्याच आठवड्यात दगावलेली बाळं औषधाच्या गटात शंभरात तीन, दुसऱ्यात पंधरा.

हे आकडे वाचले तेव्हा मला ती पालथी वाटी दिसली.

त्या दुसऱ्या गटातल्या आया कोण होत्या? त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. औषध उपयोगी पडेल की अपाय करेल, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर दोन गट करावे लागले. पण त्यांच्या बाळांचे श्वास शेजारी ठेवून मोजले, तेव्हाच माझ्या लेकीच्या श्वासाची खात्री झाली. डॉक्टरांचं देणं मी लागते, सिस्टरांचं लागते. पण सगळ्यात जड देणं या आयांचं आहे. त्यांनी दिलं, आणि बदल्यात त्यांना काहीच मिळालं नाही.

आणि तरीही हे ज्ञान आमच्यापर्यंत यायला फार वेळ लागला. १९७२नंतर आणखी अभ्यास झाले, पण ते सुटे सुटे पडून राहिले. पुढची दोन दशकं बहुतेक आयांना हे इंजेक्शन मिळालंच नाही. वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था १९९३ साली उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत, त्या याच इंजेक्शनच्या अभ्यासांच्या आहेत. एकेक रेघ म्हणजे एकेक अभ्यास. वर्गात आलेख शिकवताना मी ते चिन्ह फळ्यावर काढते. मुलांना सांगते, या रेघांमध्ये माणसं आहेत.

पुढची गोष्ट तर आमच्या उंबऱ्याजवळची. आमच्या भागातल्या कितीतरी बायका बाळंतपणाला बेळगावला जातात. हे इंजेक्शन गावपातळीवर सर्रास दिलं तर काय होईल, हे पाहण्यासाठी सहा देशांत मोठा अभ्यास झाला. त्यात बेळगाव आणि नागपूरचे भागही होते. २०१५ साली निष्कर्ष आले आणि सगळे चपापले. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, एकूण नवजात मृत्यू उलट थोडे वाढले. मी ते वाचून रात्रभर तळमळले. माझ्या लेकीला जगवलेलं औषध दुसऱ्या कुणाला घातक ठरावं?

पण संशोधकांनी ते लपवलं नाही आणि तिथं थांबलेही नाहीत. पुन्हा पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत अभ्यास झाला. बेळगाव त्यातही होतं. सोनोग्राफीनं दिवस नीट मोजलेले, लहान बाळाची काळजी घेण्याची सोय असलेली रुग्णालयं. २८५२ आया त्यात सामील झाल्या. २०२०मध्ये उत्तर आलं : औषध मिळालेल्या गटात बाळांचे मृत्यू शंभरात १९.६, न मिळालेल्या गटात २३.५. म्हणजे पंचवीस आयांना औषध दिलं तर एक बाळ वाचतं. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. तेव्हा मला त्या रात्रीच्या डॉक्टरांचं वाक्य उमगलं. नुसतं इंजेक्शन नव्हे, ‘पोटातलं बाळ पोटातच’ नेणं, दिवसांचा हिशेब, पेटी, उबदार छाती, हे सगळं मिळून ते औषध होतं.

लेक आता सतरा वर्षांची आहे. शाळेच्या मैदानावर धावते तेव्हा मी तिच्या पायांकडे बघत नाही, छातीकडे बघते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला दिवस गेले होते. तिच्या रुग्णालयात एका अभ्यासात सामील होणार का, असं विचारलं. तिनं रात्री फोन केला. “मावशी, सही करू का गं?”

माझ्या तोंडावर ‘कर’ आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, “कशाचा अभ्यास आहे, कुणाला काय देणार, आणि तू नको म्हणालीस तर उपचारात काही फरक पडेल का, एवढं विचार. उत्तरं पटली तर कर. मी सांगते म्हणून करू नकोस.”

तिनं विचारलं. दोन दिवस घेतले. नवऱ्याशी बोलली आणि सही केली.

“कुठल्या गटात आहेस?” मी न राहवून विचारलं.

“ते कुणालाच ठाऊक नसतं, मावशी. डॉक्टरांनाही नाही.”

त्या संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, फाइलमधली चिठ्ठी काढून समोर ठेवली आणि दोन्ही गटांसाठी हात जोडले.